तारामतीचा मेहनताना

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा त्यातली तारामती पुरुष होती. अण्णा साळुंके हा मुंबईतल्या एका खाणावळवजा उपाहारगृहात स्वयंपाकघरात राबणारा तरुण. बांधा नाजूक, बोटं लांबसडक. फाळक्यांची नजर म्हणे आधी त्या बोटांवरच गेली. बाईची भूमिका करायला बाई मिळत नव्हती. वेश्यावस्तीत जाऊन विचारलं तरी नकार आला, असं फाळक्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. अखेर महिना दहा रुपयांवर काम करणाऱ्या साळुंक्यांना पंधरा रुपये कबूल करून अयोध्येच्या राणीपदी बसवण्यात आलं. पुढे १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने हीच कथा 'अयोध्येचा राजा' म्हणून बोलपटात आणली. मराठीतला हा पहिला बोलपट. त्यातल्या तारामती होत्या दुर्गा खोटे: वय २७, शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात, माहेर गिरगावातल्या लाडांचं, सासर खोट्यांचं. या दोन तारामतींमध्ये १९ वर्षांचं अंतर आहे, आणि ते अंतर कसं कापलं गेलं याची एक तयार गोष्ट आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगितली जाते. सिनेमा बदनाम होता, चांगल्या घरच्या बायका तिकडे फिरकत नव्हत्या; मग एक कुलीन, सुशिक्षित स्त्री धाडस करून पुढे आली आणि तिने इतरांसाठी दार उघडलं. दुर्गाबाईंचा उल्लेख आला की 'कुलीन' हा शब्द नावामागे सावलीसारखा येतो.

ही गोष्ट साफ खोटी आहे असं नाही, पण ती चुकीच्या ठिकाणी बोट ठेवते. दुर्गा खोटे यांची कारकीर्द जवळपास ५० वर्षांची. ती सलग नजरेखालून घातली तर त्यांनी सिनेमाला कुलीनता दिली यापेक्षा वेगळंच काही दिसतं. कुलीनता ही त्या वेळी धंद्याची गरज होती आणि धंद्याने ती त्यांच्याकडून पहिल्या फटक्यात वसूलही करून घेतली. त्यांनी स्वतः जे उभं केलं ते निराळं होतं. अभिनय हे आपलं काम आहे, त्या कामाला दर असतो, मुदत असते, आणि ते काम कुठे करायचं हे काम करणाऱ्या बाईने ठरवायचं, हा व्यवहार त्यांनी रुजवला. घराण्याचा दाखला एकदाच दाखवता येतो. दर मात्र प्रत्येक चित्रपटाच्या वेळी नव्याने ठरवावा लागतो. त्यांचं मोठेपण या दुसऱ्या गोष्टीत आहे.

आधी गरजेचं पाहू. मूकपटात पुरुषाने लुगडं नेसून उभं राहणं निभावून जात होतं, कारण कॅमेरा बहुधा दूर असे आणि आवाजाचा प्रश्नच नव्हता. पुढे मूकपटांच्या उत्तरकाळात स्त्रिया आल्या, त्यांतल्या कित्येक गाजल्या. सुलोचना नावाने प्रसिद्ध असलेल्या रुबी मायर्स यांची लोकप्रियता तर एखाद्या नायकाला हेवा वाटावा अशी होती. मार्च १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. ध्वनिग्राहकाने एका दिवसात कसोटी बदलली. आता चेहरा पुरेसा नव्हता. हिंदी किंवा मराठी उच्चार स्वच्छ हवे होते, लांब संवाद पाठ हवे होते आणि गाणंही यायला हवं होतं. पार्श्वगायनाची सोय यायला अजून काही वर्षं अवकाश होता. म्हणून ज्या अँग्लो-इंडियन आणि ज्यू अभिनेत्रींनी मूकपट गाजवले होते त्यांतल्या अनेकींना नव्याने भाषा शिकावी लागली. दुसरीकडे रंगभूमीवरच्या स्त्रीपार्टी नटांचा आवाज नाट्यगृहात कितीही मोहक वाटला तरी जवळून घेतलेल्या चित्रात तो टिकणारा नव्हता. म्हणजे वाचता-बोलता येणारी, संस्कृतप्रचुर संवाद न अडखळता म्हणणारी स्त्री ही १९३१-३२ च्या सिनेमाची निव्वळ तांत्रिक निकड होती. तिच्या जोडीला दुसरी निकड बाजाराची. बोलपटाचा खर्च मूकपटापेक्षा कितीतरी जास्त. तो भरून काढायचा तर पिटातला प्रेक्षक पुरत नव्हता, सहकुटुंब येणारा मध्यमवर्ग हवा होता. त्या मध्यमवर्गाला दिलासा देईल असं एखादं आडनाव जाहिरातीत झळकलं तर ते निर्मात्याला हवंच होतं.

हे आडनाव प्रथम वापरलं गेलं ते १९३१ च्या 'फरेबी जाल' या चित्रपटात. दिग्दर्शक मोहन भवनानी. दुर्गाबाईंची भूमिका काही मिनिटांची. खोट्यांच्या घराची आर्थिक घडी विसकटलेली, पदरात बकुल आणि हरिन हे दोन मुलगे, तेव्हा चार पैसे मिळवणं भाग होतं. पुढे तरुणपणीच वैधव्यही वाट्याला आलं. ही भूमिका खरं तर त्यांच्याकडे फिरत फिरत आली. विचारणा झाली होती ती त्यांच्या बहिणीला, शालिनीला. तिने नाही म्हटलं आणि दुर्गाचं नाव सुचवलं. चित्रपट लागला तेव्हा जाहिरातीचा भर अभिनयावर नव्हताच, प्रतिष्ठित घराण्यातली स्त्री पडद्यावर आली यावर होता. चित्रपट सुमार निघाला आणि त्या सुमारपणाची सगळी झळ जिचं काम दहा-एक मिनिटांचं होतं तिला लागली. लाड आणि खोटे या दोन्ही घरांवर टीकेचा भडिमार झाला. कुलीनतेचा दाखला म्हणून जी गोष्ट आपण आज कौतुकाने सांगतो ती प्रत्यक्षात अशी चालली. फायदा निर्मात्याचा, बदनामी अभिनेत्रीची. आडनाव तिकीटबारीवर चाललं, आणि ज्या घरचं ते आडनाव होतं त्या घरात तिला तोंड दाखवणं मुश्किल झालं. (चित्रपटाचं नाव फसवणुकीचं आणि अभिनेत्रीचं आडनाव खोटे, हा योगायोग त्या काळच्या टवाळांच्या नजरेतून सुटला असेल असं वाटत नाही.) दार उघडण्याची जी गोष्ट सांगितली जाते, ती इथेच संपायला हवी होती. या अनुभवानंतर कुणीही कुलीन स्त्री पुन्हा त्या वाटेला गेली नसती, आणि दुर्गाबाईही गेल्या नसत्या तर त्यांना कुणी दोष दिला नसता.

त्या गेल्या, कारण 'प्रभात'चे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्याकडून आलेली मागणी वेगळ्या जातीची होती. 'प्रभात' ही पाच भागीदारांची, शिस्तीसाठी ओळखली जाणारी कंपनी. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे यांच्यासारखा जाणता गायक-नट आणि संगीतही त्यांचंच. भूमिका दहा मिनिटांची नव्हती, अख्खा चित्रपट पेलण्याची होती. आणि काम कसलं! चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत एकाच वेळी तयार होत होता; म्हणजे एक प्रसंग मराठीत पुरा झाला की तोच प्रसंग, त्याच दिव्यांच्या धगीत, हिंदीत पुन्हा उभा करायचा. तारामतीने एकदा रडून भागत नसे. गाणं चित्रीकरणाच्या वेळीच म्हणायचं, वादक चौकटीबाहेर आडोशाला बसवलेले, आणि ओळ चुकली की अभिनय, गाणं, साथ सगळं पहिल्यापासून. रंगभूमीचा काडीचाही अनुभव नसलेल्या स्त्रीने हे पेललं. आज तो चित्रपट पाहताना इतरांच्या बोलण्यात नाटकी हेल ऐकू येतो. बोलपट नवा होता आणि नट रंगभूमीवरून आलेले होते, तेव्हा ते साहजिकच. दुर्गाबाईंच्या बोलण्यात मात्र तो हेल कमी आहे. नाटकात काम केलेलं नसल्याचा त्यांना उलट फायदाच झाला असावा: शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची सवय त्यांच्या गळ्याला नव्हती आणि ध्वनिग्राहकाला तसा गळा नकोच होता. या चित्रपटाने त्यांना प्रतिष्ठा मिळाली हे खरं, पण ती घराण्यावरून मिळालेली नव्हती. वर्षभरापूर्वी तेच घराणं असताना बदनामी पदरी आली होती. मधे बदललं ते फक्त काम.

इथे पहिला आक्षेप इतिहासाचा येतो, आणि तो सरळ मान्य करायला हवा. दुर्गाबाई पहिल्या नव्हत्याच. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'नंतर लगेच काढलेल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या होत्या आणि त्यांची किशोरवयीन मुलगी कमला मोहिनी. पतीपासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाई कामतांनी मुलीला घेऊन नाटक मंडळीत पोट भरणं पत्करलं होतं. त्याही ब्राह्मण घरातल्याच. म्हणजे कुलाचाच निकष लावायचा तर दुर्गा खोटे यांच्याआधी १८ वर्षं तो पुरा झाला होता. कमलाबाईंचं लग्न पुढे रघुनाथराव गोखल्यांशी झालं, आणि त्या संसाराचं एक दृश्य मराठी रंगभूमीच्या इतिहासात क्वचितच सापडेल: रंगमंचावर नवरा स्त्रीभूमिका करी आणि बायको पुरुषभूमिका. तरुणपणी वैधव्य आल्यावर कमलाबाईंनी नाटकांत कामं करून तीन मुलं वाढवली. त्यांतले एक चंद्रकांत गोखले, आणि विक्रम गोखले हे त्यांचे नातू. १९१३ च्या त्या मायलेकी आज 'पहिल्या अभिनेत्री' म्हणून सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीपुरत्या उरल्या आहेत. याखेरीज गायिका हिराबाई बडोदेकर होत्या, स्त्रियांनी चालवलेल्या नाटक मंडळ्या होत्या, गाण्याबजावण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या घरांतल्या कितीतरी जणी होत्या. 'कुलीन' शब्दाचा खरा दोष हा आहे. तो एकीचं कौतुक करताना बाकी सगळ्यांना अकुलीन ठरवून टाकतो. ज्या कलावंत स्त्रियांनी सूर, ताल आणि रंगमंचाची रीत बोलपटाला आयती दिली, त्यांच्या हिश्शाचं श्रेय आडनावाच्या खात्यात जमा होतं. तेव्हा 'पहिली कुलीन अभिनेत्री' हे बिरुद इतिहास म्हणून चूक आहे आणि न्याय म्हणूनही चूक आहे.

मग दुर्गाबाईंचं वेगळेपण कशात? ते ओळखायला त्यांच्या पुढच्या पाच वर्षांचा प्रवास पाहावा. १९३२ सालीच 'प्रभात'चा 'माया मच्छिंद्र'. मग कलकत्ता: न्यू थिएटर्सचा 'राजरानी मीरा', नंतर ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा 'सीता' (१९३४), दोन्ही देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली आणि दोन्हींत सोबत पृथ्वीराज कपूर. 'सीता' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. मग पुन्हा 'प्रभात', जी तोवर पुण्यात आली होती, आणि १९३६ चा 'अमर ज्योती'. पुढे निर्मितीतही उडी. हा प्रवास आज सहज वाटतो, कारण नट आज या कंपनीत, उद्या त्या कंपनीत हे आपल्याला नवल नाही. पण तो काळ स्टुडिओंचा होता. नट-नट्या महिना पगारावर असत, करार अनेक वर्षांचे असत, पगारी माणसाने दुसऱ्याच्या चित्रपटात काम करणं म्हणजे बेइमानी समजली जाई, आणि कोणती भूमिका मिळणार हे मालक ठरवत. अशा वेळी एका स्टुडिओशी बांधून न घेता, चित्रपटापुरता करार करून, दोन मुलांचा प्रपंच मागे असताना कोल्हापूर, कलकत्ता, पुणे अशी ये-जा करणारी अभिनेत्री ही अपवाद होती. पुढे १९४० च्या दशकात स्टुडिओंची पगारी व्यवस्था कोसळली आणि चित्रपटागणिक मानधन हा नियम झाला. दुर्गाबाई त्या नियमाप्रमाणे दहा वर्षं आधीच वागत होत्या.

दाखल्याने संरक्षण मिळत नाही, कराराने मिळतं, याचा सर्वांत बोलका पुरावा त्यांच्याच एका सहकलाकाराच्या आयुष्यात आहे. 'अमर ज्योती'मध्ये राजकन्या नंदिनी झालेल्या शांता आपटे. आडनाव कुठल्याही अर्थाने कमी प्रतिष्ठेचं नव्हतं, लोकप्रियता अफाट होती, 'कुंकू'मधली त्यांची नीरा तर म्हाताऱ्या नवऱ्याशी विवाह लादल्यावर गप्प न बसणारी तरुणी म्हणून घराघरांत पोचली होती. पण करार 'प्रभात'चा आणि त्यातल्या अटीही 'प्रभात'च्या. १९३९ साली वाद विकोपाला गेला तेव्हा पडद्यावरची ही बंडखोर नायिका पुण्यात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसली. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं आणि या धंद्यात माणूस कसा पिळला जातो ते मांडलं. प्रश्नचिन्ह पुस्तकाच्या नावातच आहे. किंवा अभिनेत्री हंसा वाडकरांचं आत्मचरित्र 'सांगत्ये ऐका' काढून पाहा: कमाई हिची, हिशेब दुसऱ्याच्या हाती, आणि दमलेल्या बाईला काम थांबवण्याचीही मुभा नाही. या दोघींच्या शेजारी दुर्गाबाईंना उभं केलं की फरक घराण्याचा उरत नाही. स्वतःच्या कामाचा सौदा स्वतः करता येणं आणि न येणं, एवढाच तो फरक आहे.

यावर दुसरा आक्षेप असा घेता येईल की, सौदा करण्याची ही ताकद त्यांना वर्गानेच दिली. इंग्रजी शाळा, महाविद्यालय, ओळखीपाळखी, चारचौघांत ताठ बसून बोलण्याची सवय, हे सगळं घराण्याचंच देणं नव्हे काय? शांता आपट्यांकडे झेवियर्सचं शिक्षण नव्हतं; हंसा वाडकर तर कोवळ्या वयात कामाला जुंपल्या गेल्या. आक्षेप वजनदार आहे आणि तो पूर्ण परतवून लावावा असं मला वाटत नाही. इंग्रजीतला करार वाचता येणं ही १९३० च्या दशकात मोठीच मालमत्ता होती. पण दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली: हे शिक्षण म्हणजे कुलीनता नव्हे. ज्या समाजाने त्यांना शिकवलं त्याच समाजाने त्या शिक्षणाचा असा उपयोग करण्याला विरोध केला. सासर-माहेरची प्रतिष्ठा शिक्षणाच्या बाजूने होती, कमाईच्या नव्हे. दुसरी: असं शिक्षण असलेल्या त्या एकट्याच नव्हत्या. पदवीधर लीला चिटणीस काही वर्षांनी चित्रपटात आल्या तेव्हा पदवी आणि घराणं यांचीच जाहिरात झाली, म्हणजे 'फरेबी जाल'चाच कित्ता पुन्हा गिरवला गेला. लीलाबाईंनीही पदरात मुलं असताना, नवऱ्यापासून वेगळं होऊन, कष्टाने कारकीर्द उभी केली. दोघींच्या बाबतीत जाहिरातीने सांगितलं ते घराणं, आणि प्रत्यक्षात गाडा ओढला तो गरजेने. साधनं वर्गाने दिली असतील, पण ती वापरणं भाग पडलं ते त्या वर्गातली जागा डळमळल्यामुळे.

तिसरा आक्षेप स्त्रीवादी अभ्यासक घेऊ शकतील, आणि तो मला सर्वांत रंजक वाटतो. स्वतःच्या व्यवहारात दुर्गाबाई कितीही स्वतंत्र असोत, त्यांनी पडद्यावर विकलं काय? तारामती, सीता, मीरा: सोसणाऱ्या बायकांची ओळच. पुढे वर्षानुवर्षं आई. म्हणजे आपल्या कामाने त्यांनी तीच चौकट पक्की केली नाही का, जिच्यातून त्या स्वतः निसटल्या होत्या? यादी अर्धीच वाचली तर असं वाटतं. उरलेली अर्धी अशी: 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी आहेत, जिथे पुरुषाला मान वर करून चालायची मुभा नाही, आणि त्या राणीच्या सिंहासनाशी साखळीने बांधलेला जिवंत चित्ता बसलेला असे. तारामती होऊन मुलाच्या प्रेतावर रडणारी स्त्री त्याच वर्षी चित्त्याच्या मानेवर हात ठेवून राज्य करताना दिसावी, ही विविधता कुठल्याही नटीला मोहवणारी होती. 'अमर ज्योती'तली सौदामिनी तर त्याहून पुढे जाते. कायदा आईला मुलाचा ताबा नाकारतो म्हणून ती समुद्रावर जाते आणि चाच्यांची सरदारीण होऊन त्या कायद्याच्या रखवालदारालाच कैद करते. त्या चित्रपटातले दुर्गाबाईंचे संवाद आज ऐकले तरी त्यात विनवणीचा सूर सापडत नाही. आज्ञा देण्याची सवय असलेल्या माणसाचा तो आवाज आहे.

याहून महत्त्वाचं म्हणजे १९४१ मध्ये आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'त त्यांनी केलेली निवड. नायिका वनमाला, दुर्गाबाई तिची छळवादी सासू. वय अवघं ३६. नायिकेच्या भूमिका मिळणं बंद झालं म्हणून म्हाताऱ्या भूमिका पत्कराव्या लागल्या, असं कुणी म्हणेल. पण मग लगेच पुढच्या वर्षीची 'भरत भेट'मधली कैकेयी आणि १९४३ च्या 'पृथ्वीवल्लभ'मधली मृणालवती यांचं काय करायचं? शोभना समर्थ सीता होत असताना त्यांनी रामकथेतली सर्वांत अप्रिय राणी उभी केली आणि तिला नुसती दुष्ट न ठेवता समजण्याजोगी केली. 'पृथ्वीवल्लभ'मध्ये सोहराब मोदींच्या खणखणीत मुंजासमोर, कैदी राजापुढे हळूहळू हरत जाणारी गर्विष्ठ राजभगिनी त्यांनी अशी उभी केली की मोदींसारख्या संवादफेकीच्या बादशहाला बरोबरीची टक्कर मिळाली. बंगालच्या चित्रपट पत्रकारांनी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून त्यांना गौरवलं ते या सासू आणि कैकेयीसाठी, सीता-मीरांसाठी नव्हे. नायिकेचं आयुष्य फार तर दहा वर्षांचं. चरित्र-अभिनेत्रीचं शरीर साथ देईल तेवढं. हा हिशेब त्यांनी पस्तिशीत मांडला. तो केवळ कलेचा होता असं मी म्हणणार नाही, त्यात घर चालवणाऱ्या बाईची दूरदृष्टी होती. आणि ती होती म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही.

रंगभूमीबाबतही त्यांचा क्रम उलटा आहे. त्यांच्या पिढीतले बहुतेक नट नाटकातून सिनेमात आले, कारण बोलपटाने नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडलं होतं. दुर्गाबाई सिनेमात नाव झाल्यावर नाटकाकडे वळल्या; आधी इप्टासारख्या नाट्यचळवळीशी संबंध आला, आणि मग गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यशाखेशी. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाने स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायच्या ही गोष्ट नव्या मराठी रंगभूमीवर रूढ केली होती, तेव्हा दुर्गाबाईंना इथे कुठलंही दार ढकलावं लागलं नाही. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त नानासाहेब फाटकांच्या राघोबाला त्यांनी आनंदीबाई म्हणून साथ दिली, आणि शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'चं रूपांतर केलेल्या 'राजमुकुट'मध्ये त्यांनी लेडी मॅक्बेथ उभी केली. ध चा मा करणारी आणि नवऱ्याला खुनाला प्रवृत्त करणारी, या दोन्ही स्त्रिया सत्तेच्या जवळ असूनही सत्ता स्वतःच्या नावाने वापरता न येणाऱ्या. या भूमिकांना पाठांतर आणि आवाजाबरोबर बुद्धीची धारही लागते. हौशी-निमव्यावसायिक रंगभूमीवर सिनेमाच्या तुलनेत पैसा तो काय मिळणार! तरी तालमींना वेळ द्यायचा आणि त्यासाठीचा पैसा सिनेमातल्या आयांकडून कमवायचा, अशी ती विभागणी दिसते. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

सिनेमातल्या आयांना मात्र कमी लेखू नये. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मध्ये जोधाबाईच्या वाट्याला मोजके प्रसंग आहेत, पण मुलगा आणि बादशहा यांच्यात उभं राहण्याचं सगळं ओझं तिच्यावर आहे. समोर अकबर होऊन उभे असलेले पृथ्वीराज कपूर २६ वर्षांपूर्वी त्यांचे राम होते. पृथ्वीराज गरजतात तेव्हा दुर्गाबाई आवाज चढवत नाहीत, उतरवतात; प्रसंग त्यांच्याकडे झुकतो तो तिथे. १९६३ च्या 'द हाउसहोल्डर'मध्ये त्यांनी शशी कपूर यांची आई इंग्रजीत साकारली, म्हणजे पृथ्वीराजांच्या या मुलाच्या आईपर्यंत तो सिलसिला पोचला. 'बॉबी'तली वृद्ध मिसेस ब्रगांझा, 'बिदाई'साठी मिळालेलं फिल्मफेअरचं पारितोषिक, ७५ व्या वर्षी 'कर्ज'मध्ये मुलाची वाट पाहणारी आई. यांतले काही चित्रपट सामान्य आहेत, काही भूमिका तर कुणीही केली असती तरी चालली असती. पण सगळ्याच भूमिका अविस्मरणीय करणारा कलावंत हौशी असू शकतो. रोज कामावर जाणाऱ्याच्या वाट्याला साधे दिवस येतातच.

कामावर जाण्याची ही वृत्ती त्यांना अभिनयाच्या बाहेरही घेऊन गेली. लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट काढणारी स्वतःची कंपनी त्यांनी उभारली, तीही अशा काळात जेव्हा प्रौढ अभिनेत्रीने घरी बसून आठवणी सांगाव्यात अशी अपेक्षा असे. आठवणीही त्यांनी लिहिल्या, मराठीत, आणि पुढे शांता गोखले यांनी त्या इंग्रजीत नेल्या. पुस्तकाचं नाव 'मी, दुर्गा खोटे'. मधला तो स्वल्पविराम महत्त्वाचा आहे. असं नाव आपण कथा-कादंबरीला देत नाही. ते प्रतिज्ञापत्राचं पहिलं वाक्य असतं, ज्याच्यापुढे 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की' असं येतं आणि खाली सही. दुसऱ्यांनी आडनावाचा वापर केलेल्या स्त्रीने पन्नास वर्षांनी तेच आडनाव स्वतःच्या सहीसाठी घेतलं. १९६८ ची पद्मश्री, १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार हे सारं त्या सहीच्या आसपासचं.

१९८८ साली दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' ही मालिका सुरू झाली. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांची पात्रं, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव यांचा साधासरळ कारकून आणि भारती आचरेकर यांची त्याची बायको. ज्या पांढरपेशा कुटुंबाला १९३१ साली सिनेमातली बाई चालत नव्हती त्याच कुटुंबाची ती गोष्ट, आणि संध्याकाळी तेच कुटुंब जेवणाची ताटं मांडीवर घेऊन ती बघत बसे. श्रेयनामावलीत निर्मिती संस्थेचं नाव येई: दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. तेव्हा त्या ८३ वर्षांच्या होत्या.